दारांची हजेरी घेणाऱ्या बाई

सन दोन हजार तीन. माझं वय सत्तावन्न, शिक्षण चौथी पास, आणि नोकरी अहेरीच्या अलीकडल्या एका लाकूड डेपोच्या गेटवर. त्या वर्षी आमच्या ऑफिसात एक बाई आल्या. वय तिशीच्या आत. सकाळी आल्या की पाणी नाही, चहा नाही, खुर्चीवर बसणं नाही. उभ्या उभ्याच मशीनला काहीतरी हुकूम द्यायच्या, प्रिंटर करकर करत कागद बाहेर टाकायचा, आणि बाई कानामागची पेन्सिल काढून एकेका ओळीवर टिक करत जायच्या. शाळेत मास्तर हजेरी घेतो ना, तसं. फक्त इथं पोरं नव्हती. मशीनला दारं असतात म्हणे, त्या दारांची ही हजेरी.

"मशीनले दारं?" मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसलो होतो.

"पासष्ट हजारांच्या वर आहेत भाऊ," बाई म्हणाल्या. "पण माणसं बसली आहेत ती आठ-दहा दारांत. बाकी सगळी भिंतच समजा."

आमचे बडे बाबू, म्हणजे हेडक्लार्क, त्यांना चिडवायला 'हजेरीवाल्या बाई' म्हणायला लागले. बाईंना ते नाव आवडलं. फोन आला की त्याच सांगायच्या, "हां, हजेरीवाली बोलून राह्यली." मग चिडवण्यात काही मजा राहिली नाही आणि नाव मात्र राहिलं.

बाई वरोऱ्याच्या. वडील रेल्वेत गँगमन होते, फोन उचलला की आधी "जय भीम" म्हणत आणि मग "कोन पाह्यजे?" विचारत. धाकटा भाऊ वरोऱ्यालाच कम्प्युटरचे क्लास चालवायचा. बाई नागपुरात शिकल्या होत्या, पण आमच्याशी आमच्यासारखंच बोलायच्या. इंग्रजी फक्त मशीनशी. त्या मशीनला 'लिनक्सचा सर्व्हर' म्हणत. कुलरएवढी पेटी होती, आणि तिला माणसापेक्षा जास्त थंडी लागायची. ऑफिसातला एकुलता एक चांगला कुलर तिच्या खोलीत गेला, तेव्हापासून बडे बाबू तिच्यावर खार खाऊन होते.

पेटी कशासाठी आणली ते सांगतो. जंगलातून सागवानाची गाडी निघाली की तिच्यासोबत वाहतूक परवाना असतो, आम्ही त्याला टीपी म्हणतो. वाटेत तीन नाके. पूर्वी नाकेवाले टीपीचा नंबर वायरलेसवर सांगायचे आणि मी तो गेटच्या रजिस्टरात लिहायचो. आता नाक्यांवर कम्प्युटर बसवले. रोज सकाळी दहा वाजता नाकेवाल्यांनी फोनच्या तारेवरून पाळीपाळीनं या पेटीला आदल्या दिवसाच्या गाड्या कळवायच्या. नागपूरच्या साहेबांनी साफ सांगितलं होतं: एक वर्ष पाहू. लिलावाच्या हंगामात मशीन चाललं तर ठेवू, नाहीतर मशीन परत आणि बाई घरी. बाईंची नेमणूक अकरा महिन्यांची, तीसुद्धा त्या लिलावाच्या आठवड्यावर टांगलेली. हे सगळ्या डेपोला माहीत होतं.

मशीन बंद पडावं असं मला सुरुवातीला मनापासून वाटत होतं, खोटं कशाला सांगू. एकतीस वर्षं नोकरी झाली होती. आधी नाक्यावर, मग डेपोच्या गेटवर. माझ्या सर्व्हिस बुकात ठपक्याची एकही तांबडी ओळ नव्हती. माझ्या रजिस्टरावर विश्वास ठेवून साहेब लोक डोळे मिटून सही करायचे, आणि आता एक पोरसवदा बाई पेटी घेऊन येते आणि म्हणते की रजिस्टर नको. मी तिसऱ्या दिवसापर्यंत त्यांना रामराम घातला नाही.

तिसऱ्या दिवशी बाई स्वतःच गेटवर आल्या. गेटच्या आडव्या दांड्याला हात लावून उभ्या राहिल्या.

"भाऊ, गाडी गेली हे तुम्ही कधी मानता?"

"दांडा वर गेला, गाडी गेली. त्यात मानायचं काय?"

"बस्स? एवढंच?"

ते 'बस्स' मला झोंबलं. मी म्हटलं, "ऐका मग. गाडी गेली तरी मी वही मिटत नाई. पुढचा नाका वायरलेसवर सांगते, 'आली', तवा टिक. आन् दांडा लगेच वर ठेवत नाई. थोडा वेळ खालीच. काऊन, तर त्याच पार्टीची मागं राह्यलेली गाडी येते आन् तोच परवाना हलवून म्हणते, 'आमची एंट्री झाली.' नवीन नाकेवाला फसते. मी त्या नंबराचा परवाना थोडा वेळ कोणालेच चालू देत नाई. मागचं सगळं येऊन गेलं असं वाटलं की मगच."

बाई माझ्याकडे पाहतच राहिल्या. मग म्हणाल्या, "भाऊ, हे समजवायला आम्हाला कॉलेजात दोन तास लागले होते. तरी निम्म्यांना समजलं नव्हतं. चला आत."

मी गेलो. चपला बाहेर काढल्या, हातपाय धुतले आणि गेलो. त्यांनी तो सकाळचा कागद माझ्यापुढं ठेवला. "वाचा."

इंग्रजी मला येत नाही, पण मोठी अक्षरं आणि आकडे येतात. एकतीस वर्षं गाड्यांच्या नंबरपाट्या लिहिल्या होत्या. चंद्रपूरची गाडी कोणती, गडचिरोलीची कोणती, आंध्राची कोणती, लांबून धुळीतही ओळखायचो. आणि त्या कागदावर, काय सांगू, शेवटच्या रकान्यातले शब्द सगळे मोठ्याच अक्षरांत होते! मी बोट ठेवून एकेक अक्षर लावलं. एल, आय, एस, टी... बाई म्हणाल्या, "लिसन. म्हणजे नाकेवाला दारात बसला आहे, कान देऊन. गाडी अजून आलेली नाही." डावीकडं आपल्या दाराचा नंबर, उजवीकडं येणाऱ्याचं गाव. लिसनच्या ओळीत उजवीकडं नुसती शून्यं आणि एक चांदणी, कारण अजून कोणीच आलेलं नाही. गाडी आली, दोघांचा रामराम झाला की तेच दार पुन्हा दुसऱ्या ओळीत दिसतं, आणि पुढं लिहिलेलं असतं एस्टॅब्लिश्ड. उजवीकडं गावाचा नंबर येतो. म्हणजे बोलणं चालू आहे. "आणि तुम्ही दांडा खाली धरून थांबता ना," बाई म्हणाल्या, "त्याला मशीन म्हणते टाइम वेट. जो आधी निरोप देतो त्यानं थोडं थांबायचं. मागं राहिलेलं काही आलं तर नव्या गाडीत मिसळू नये म्हणून."

त्या दिवशी मी घरी गेलो तो छाती काढून. मशीनला जे करायला शिकवावं लागलं ते मी आपल्या डोक्यानं करत होतो. मग मशीनशी भांडण कसलं?

बाईंची एक सवय होती. कोणी धावत आलं, "बाई, बिघडलं!" म्हणालं, की त्या शांतपणे विचारायच्या, "काय दिसलं ते सांगा. काय वाटलं ते नंतर." बिघडलं हे वाटणं झालं. एकदा बडे बाबूंनी कागद फडकवत गोंधळ घातला. "तीन ओळी अडकल्या आहेत! टाइम वेट, टाइम वेट, टाइम वेट! मी सांगत होतो, ही पेटी ऐनवेळी दगा देणार!"

मी दारातूनच म्हटलं, "बडे बाबू, एक मिनिट थांबा आन् पुन्हा काढा कागद."

"तू मले शिकवशील? चौथी पास इंजिनियर!"

"चौथी पास हावो, पन पास हावो."

बाईंनी तोंडाला पदर लावला. पुन्हा कागद काढला, तर तिन्ही ओळी गेलेल्या. बाबू त्या दिवसापासून मला 'इंजिनियरसाहेब' म्हणायला लागले, आणि मीही ओ द्यायला लागलो.

दुसऱ्या वेळी बाबूंना एक अनोळखी दार उघडं सापडलं. सगळीकडं बोंब, चोर शिरला. बाईंनी नंबरावर पेन्सिल ठेवली: एकशे सत्तावीस, शून्य, शून्य, एक. "हे घरातलं दार आहे. स्वयंपाकघरातून बैठकीत जायचं. रस्त्यावरच्या माणसाला ते दिसतसुद्धा नाही." प्रिंटरचं काहीतरी होतं. मग बाई जे म्हणाल्या ते मी माझ्या खिशातल्या डायरीत लिहून घेतलं: 'उघडं दार वाईट नाही. तिथं कोण बसलं आहे ते घरच्याला माहीत नसणं वाईट.'

नाकेवाल्यांना त्यांनी आणखी एक गोष्ट शिकवली होती. लाईन लागली नाही तर दोन प्रकार. मशीननं ताबडतोब 'नाही' म्हटलं, तर मशीन जिवंत आहे, रस्ता चालू आहे, फक्त त्या दारात बसणारा उठून गेला आहे. आणि मशीन नुसतं गप्पच राहिलं, तर मग कुठं वाटेत झाड पडलं असेल, तार तुटली असेल, काही सांगता येत नाही. "नाही म्हणणारा बरा," त्या म्हणायच्या. "गप्प राहणाऱ्यापायी सगळ्यांचा दिवस जातो."

जेवायला बाई गेटवर यायच्या. डबा साधा, भात आणि वांग्याची भाजी, कधी अंबाडी. मी एकदा विचारलं, "बाई, सगळ्या ओळींत वाईट ओळ कोणती?" त्यांनी घास खाली ठेवला. "क्लोज वेट," म्हणाल्या. "समोरच्यानं 'येतो' म्हणून निरोप घेतला, आपल्यापर्यंत तो पोचला, आणि आपण काही 'या' म्हणत नाही. तो बिचारा निघून गेला आणि आपण त्याची जागा अडवून बसलो. ही ओळ दिसली की बाहेर पाहायचं नाही. दोष आपल्याकडचा."

"आपल्याकडं आहेत का अशा ओळी?"

"आहेत ना. रोज एक-दोन वाढतात. नाक्याचा प्रोग्राम मी लिहिला, तोच कधीकधी निरोप घ्यायला विसरतो. चूक माझीच."

मी त्यांच्याकडं पाहत राहिलो. नेमणूक टांगलेली, बडे बाबू टपून बसलेले, आणि ही बाई भात खाता खाता सांगते, चूक माझी. जणू काही 'आज मीठ कमी पडलं' म्हणावं. माझ्या उभ्या आयुष्यात मी हे दोन शब्द कोणाला म्हटले नव्हते. बायकोला नाही, साहेबाला नाही.

हळूहळू हजेरीचा कागद माझ्याकडं आला. बाईंनी मला मशीनवर एक नाव काढून दिलं. ते नाव टाकलं की मशीन फक्त यादी छापायचं आणि मला बाहेर काढायचं, बाकी कशाला हात लावता यायचा नाही. बाई रजेवर असल्या की सकाळी आणि दुपारी तीनला कागद मी काढायचो. चारवर तीन शून्यं, म्हणजे चार हजार, हे नाक्याचं दार. ते लिसन दिसलं की टिक. बावीस नंबर हे बाईंचं स्वतःचं दार, दुसऱ्या टेलिफोन तारेवरून लांबून काम करायला ठेवलेलं. तिथं मी कधी कोणाला आलेलं पाहिलं नव्हतं, कारण बाई इथंच असायच्या.

लिलावाच्या दोन दिवस आधी वरोऱ्याहून फोन आला, बाईंच्या वडिलांना दवाखान्यात ठेवलं. बाई लगेच निघाल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला मी कागद काढला. बावीस नंबर. एस्टॅब्लिश्ड. उजवीकडं कोणतातरी न पाहिलेला नंबर. बाई दवाखान्यात बापाच्या उशाशी, आणि त्यांच्या दारातून कोणीतरी आत आलेलं! उद्या लिलाव!

आता शहरातल्या माणसानं काय केलं असतं? कोणाला विचारलं असतं, फोन लावला असता. पण मी नाक्याचा माणूस. नाक्यावर एकच कायदा: परवाना दिसला नाही, गाडी थांबव; मग आत मंत्री बसला असो की मामा. विचारपूस नंतर. मी एकदा आमच्याच साहेबांची जीप अशी थांबवली होती आणि साहेबांनी पाठ थोपटली होती. मी मागं गेलो, दुसऱ्या टेलिफोनची तार भिंतीतून उपसली आणि खिशात घातली. पुन्हा कागद काढला, तर ओळ तशीच. पण बाईंनी शिकवलं होतं, तार तुटली तरी मशीनला लगेच कळत नाही, समोरचा मेला तरी ओळ काही वेळ उभी राहते. म्हणून घाबरलो नाही. कोणाला सांगितलं नाही. सांगायचं काय त्यात? मी माझं काम केलं होतं. बाकीच्या ओळींकडं मात्र मी पाहिलं नाही. चोर सापडला की माणूस घरातली भांडी मोजत नाही.

लिलावाच्या दिवशी नागपूरचे साहेब नऊलाच आले. गेटवरच्या गर्दीत माझा सकाळचा कागद काढायचा राहून गेला. ठेकेदार लोक थप्प्यांमधून फिरत होते, लाकडावर खडूनं नंबर पडत होते. दहा वाजता साहेब पेटीसमोर येऊन बसले. पहिला नंबर नदीनाक्याचा. दहा वाजून पाच. दहा वाजून दहा. काही नाही. वायरलेसवर नदीनाक्यावरचा तलांडी ओरडून राहिला होता.

"भाऊ, लाईन लागून राह्यली, पन मशीन नाई म्हनते!"

मी विचारलं, "नाई म्हनते का चूप राह्यते?"

"नाई म्हनते. झट्कन!"

बडे बाबू साहेबांच्या कानाशी लागले. "बाई रजेवर आहेत सर. मी आधीच म्हणत होतो." साहेब म्हणाले, "म्हणजे एका बाईंवर सगळं. ती नाही तर काहीच नाही." त्यांनी घड्याळाकडं पाहिलं.

झट्कन नाही म्हणते, म्हणजे दारात माणूस नाही. मी कागद काढला. चार हजार नंबरची ओळच नव्हती. आणि मग मला एकदम सगळं दिसलं, जसं धुकं उठल्यावर समोरची गाडी दिसते. बाई वरोऱ्याहून, भावाच्या क्लासमधून आत आल्या होत्या. तो निरोप विसरणारा प्रोग्राम लिलावाआधी बदलायला. दारात बसलेला जुना नाकेवाला, म्हणजे तो प्रोग्राम, त्यांनी उठवला होता, नवा बसवायच्या आत मी तार उपसली. चोर नव्हता. मी मालकालाच घराबाहेर काढून कडी लावली होती.

तार माझ्या खिशातच होती. मी पेटीमागं गेलो आणि ती भिंतीत लावली. कोणी पाहिलं नाही. दोन मिनिटं गेली नसतील, त्या तारेला जोडलेला मोडेम किंचाळायला लागला. बाई सकाळपासून तिकडून लाईन लावत बसल्या असणार; ऑफिसचा फोन तर लिलावामुळं ठेकेदारांनीच अडवला होता. थोड्या वेळानं कागद काढला: बावीस नंबर, एस्टॅब्लिश्ड. आणखी थोड्या वेळानं: चार हजार, लिसन. दहा वाजून चाळीस मिनिटांनी तलांडी वायरलेसवर ओरडला, "घेतलं बाप्पा, घेतलं!" पाठोपाठ दुसरा नाका, मग तिसरा. साहेबांच्या समोर टीपीचे नंबर उमटत गेले. आणि निरोप न घेतलेली एकही ओळ मागं उरली नाही.

साहेब उठले. "चाळीस मिनिटं बंद होतं," म्हणाले. "का, ते मला उद्या अकरापर्यंत लेखी पाहिजे. मी रेस्ट हाउसला आहे. तसं काही समाधानकारक नसेल तर मशीन माझ्यासोबतच नागपूरला जाईल." त्यांनी सगळ्यांकडं पाहिलं. माझ्याकडंही पाहिलं. एकतीस वर्षांत पहिल्यांदा साहेबांनी विचारलं आणि माझ्याकडं उत्तर असून मी दिलं नाही. बाबूंनी बाईंच्या नावानं मेमो टाईप केला.

बाई संध्याकाळच्या बसनं आल्या. वडील बरे होते, घरी आणले होते. मेमो हातात घेऊनच त्या गेटवर आल्या आणि माझ्या बाकावर बसल्या.

"भाऊ, काल दुपारी माझी लाईन तुटली. वारा सुटला होता का इकडं?"

त्यांनी मला वाट काढून दिली होती, मला कळलं. हो म्हटलं असतं तर वाऱ्यावर गेलं असतं. "वारा नोहता," मी म्हटलं. "म्याच उपसली तार. मले वाटलं चोर हाये."

बाई हसायला लागल्या. हसता हसता डोळे पुसले. "अहो भाऊ! म्हणजे तुम्ही बरोबरच केलं!"

"बरोबर कायले? तुमची नोकरी चालली!"

"परवाना नसलेली गाडी थांबवली. तेच तर मी शिकवलं. चूक माझी. आत यायच्या आधी गेटवर फोन करून सांगायला पाहिजे होतं, 'मी येऊन राह्यली' म्हणून. मी तेच लिहिणार आहे."

"तुमची कशी चूक? तार म्या काढली!"

"दार माझं. पहारेकऱ्याला न सांगता मी वापरलं."

"मोठ्या आल्या दारवाल्या! हात कोनाचा लागला?"

"भाऊ, ओरडू नका, ठेकेदार पाहून राह्यले."

अशी आमची अर्धा तास झकाझकी झाली. माझी चूक, नाही माझी. मागे एका ट्रक डायव्हरनं शेजाऱ्याला विचारलं, "हे काऊन भांडून राह्यले?" शेजारी म्हणाला, "कोण जाणे, दोघंही म्हणतात मीच केलं." शेवटी बाई उभ्या राहिल्या. "ऐका. तुमची दोन-तीन वर्षं उरली. पुस्तक कोरं आहे, कोरंच राहू द्या. मला माझा भाऊ क्लासात ठेवून घेईल. मी उद्या दहाला माझं उत्तर देते. आता एक शब्द नको." आणि मी, एवढा बडबड्या, 'ठीक आहे' म्हणून घरी गेलो.

पुढचं आधीच सांगून टाकतो, म्हणजे कोणाला घोर नको. मशीन गेलं नाही. बाई आणखी अडीच वर्षं आमच्याकडं राहिल्या, मग नागपूरच्या साहेबांनीच त्यांना सगळ्या डेपोंच्या मशीनसाठी वर बोलावलं. जायच्या दिवशी बस स्टँडवर सगळा डेपो होता, बडे बाबूसुद्धा, हातात संत्र्यांची पिशवी घेऊन. बस हलल्यावर बाई खिडकीतून म्हणाल्या, "भाऊ, येते." मी म्हटलं, "या." मोठ्यानं म्हटलं, त्यांना ऐकू जाईल असं. मी रिटायर झालो. आजही दिवाळीला फोन येतो. समोरून 'ठेवते' ऐकलं की मी 'ठेवा' म्हणतो आणि मगच ठेवतो. नातेवाईक हसतात, हसू द्या. घरी कोणी काही बिघडलं म्हणून आलं, की आधी विचारतो, काय दिसलं ते सांग. आणि माझ्या सर्व्हिस बुकात एक तांबडी ओळ आहे. ती कशी आली, तेवढं सांगून थांबतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी साडेनऊलाच बडे बाबूंच्या टेबलासमोर उभा राहिलो. कोरा कागद मागितला. बाबू म्हणाले, "अर्ज आहे का? सांग, मी टाईप करतो." मी म्हटलं, "मी लिहितो." चौथीनंतर सहीशिवाय आणि गाड्यांच्या नंबरांशिवाय मी फारसं काही लिहिलं नव्हतं. पेन घट्ट धरला. लिहिलं: काल मशीन चाळीस मिनिटे बंद होते त्याला मी कारण आहे. आदले दिवशी तार मी काढली. बाईंचा दोष नाही. खाली नाव, हुद्दा, सही.

बाबूंनी वाचलं. चष्मा काढला. पहिल्यांदाच त्यांनी मला इंजिनियरसाहेब म्हटलं नाही. "भाऊ," म्हणाले, "हे पुस्तकात लागेल. तुले माहीत आहे ना? मी अजून आवकचा शिक्का मारलेला नाही. परत घे."

"मारा."

"मग कारण लिही. तार काढली, पण काऊन काढली? चोर समजून, असं लिही. साहेब समजून घेतील. उलट शाबासकी देतील."

मी पेन पुन्हा घेतला. चोर समजून, हे तर वाटणं झालं. मी थोडा विचार केला. ऑफिसात फोन होता. वरोऱ्याचा नंबर भिंतीवर लिहिलेला होता. तो लावायला मला किती वेळ लागला असता? सहीच्या वरती जागा थोडी उरली होती, तिथं मी बारीक अक्षरात लिहिलं: कोणाला विचारले नाही.

बाबूंनी शिक्का मारला. कागद शिपायाच्या हाती रेस्ट हाउसला गेला. पावणेदहा झाले होते. मी गेटवर गेलो. बाहेर लाकडाच्या पाच गाड्या उभ्या होत्या, आणि पहिला डायव्हर हॉर्न वाजवून राहिला होता.